अर्धी खतं

घाट नाही, फरसबंदी नाही. देहूत इंद्रायणीच्या काठावर तुम्ही नुसत्या मातीत अनवाणी उभे आहात. 1630 च्या सुमाराला पडलेला दुष्काळ आता कुठे सरतो आहे. तुम्ही पंचक्रोशीतले एक कुणबी. पाऊस आला नाही तेव्हा बियाणं खाल्लं, मग गुरं गेली, मग माणसं. तुमचे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला चार जण जमले नाहीत. याच सुमाराला आदिलशाही फौजेने पुणं जाळलं, त्यामुळे तिकडे जाऊन पोट भरावं म्हटलं तर तीही सोय राहिली नाही.

आज नदीवर आलात ते एका बातमीवरून. तुकोबा परत आलेत आणि त्यांनी घरातली कर्जखतं मागवली आहेत. त्यात तुमचंही एक आहे.

या घराला तुम्ही लहानपणापासून ओळखता. पिढीजात महाजनकी, वाण्याचा व्यापार, विठ्ठलाचं देऊळ. आईवडील गेले. बायको वारल्यावर थोरला सावजी तीर्थाटनाला निघून गेला. ऐन तारुण्यात सगळा भार तुकोबांच्या अंगावर पडला, आणि मग दुष्काळ आला. पहिली बायको रखमा दमेकरी. ती अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. दुकान बसलं. दिवाळं निघालं म्हणून लोकांनी बोटं दाखवली, त्यात तुमचंही बोट होतं. तेव्हा तुकोबा उठले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकट्या कान्होबाने रानोमाळ शोधून त्यांना नदीपर्यंत आणलं आहे.

गाठोडं सुटतं. खतांच्या कडा कुरतडलेल्या, घड्यांवर कागद विरलेला, बोरूने ओढलेली मोडी अक्षरं. तुम्हाला वाचता येत नाही. पण एका कागदाच्या तळाशी काढलेला नांगर तुम्ही लांबूनच ओळखता. ती तुमची निशाणी. लेकीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज, त्यावर चढलेलं व्याज, आणि ते फिटलं नाही तर तुमच्या पोराच्या माथी बसणारा बोजा, हे सगळं त्या नांगराखाली आहे.

तुकोबांना सगळीच खतं बुडवायची आहेत. तुमचा श्वास अडकतो. एवढ्यात कान्होबा हात आडवा घालतो. पुढे संतचरित्रकार महिपतीने हा प्रसंग लिहून ठेवला, त्यातही कान्होबाचं म्हणणं असंच सरळ आहे: तुम्ही साधू झालात, माझ्यामागे बायकामुलं आहेत, त्यांना मी काय घालू?

तुकोबा त्याला उपदेश करत नाहीत. खतांच्या दोन वाटण्या होतात. एक कागद इकडे, एक तिकडे. नांगराची निशाणी असलेला कागद उचलला जातो आणि कान्होबाच्या बाजूला पडतो.

तुमचं कर्ज राहिलं.

तुकोबांच्या वाट्याची खतं पाण्यात जातात. थोडा वेळ तरंगतात, शाई पसरते, मग कागद दिसेनासे होतात. शेजारचा माणूस मटकन खाली बसून रडू लागतो. त्याचं घर सुटलं. तुमच्या मनात मात्र चीड आहे. देवासाठी सोडायचं होतं तर सगळंच का नाही सोडलं?

मला विचाराल तर या प्रसंगाचा सगळा अर्थ त्या राहिलेल्या अर्ध्यात आहे. बुडालेल्या खतांची गोष्ट आपण शतकानुशतकं सांगत आलो, वाचलेल्या खतांवर क्वचितच कुणी बोलतं. विठ्ठलाच्या पायी आपलं सर्वस्व टाकणं तुकोबांच्या हातात होतं. भावाच्या ताटातला घास टाकायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि तो त्यांनी घेतला नाही. दुष्काळाने घर मोडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घराची किंमत कळते. माणसाची श्रद्धा खरी की नुसती झिंग, हे ती घरच्यांच्या वाट्याचं काय करते यावरून ओळखावं, असं मी मानतो.

संध्याकाळी चिडूनच परतताना तुम्हाला जिजाई दिसते. ही दुसरी बायको, पुण्याच्या गुळव्यांची लेक. तिच्या नवऱ्याच्या हिश्श्याची सगळी येणी आज नदीत गेली आहेत. ती काय म्हणाली असेल ते घरच्या भिंतींना ठाऊक. पुढची कित्येक वर्षं मात्र तुम्ही तिला भंडाऱ्याच्या डोंगराच्या वाटेवर बघाल. नवरा भल्या पहाटे डोंगरावर जाऊन नामस्मरणात बुडालेला असतो, आणि ही दुपारच्या उन्हात भाकरी घेऊन दगडगोट्यांतून वर चढते. तो जेवल्याशिवाय ती जेवत नाही. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला, असं लोक सांगतात. लोकांना तसं सांगावंसं वाटलं यातच तिची योग्यता कळते. आपण मात्र तिला कजाग ठरवून मोकळे झालो. सहा लेकरांच्या त्या आईवर हा मोठा अन्याय आहे.

तुकोबा गेले ते फाल्गुन वद्य द्वितीयेला. तेव्हा जिजाईच्या पोटात बाळ होतं. बापाचं तोंडही न पाहिलेल्या त्या मुलाचं नाव नारायण. त्यानेच पुढे 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि ती पालखी आजही देहूतून निघते. येत्या ज्येष्ठात ती तुमच्या गावावरून जाईल, किंवा तुम्ही तिच्यासोबत चालाल, तेव्हा ज्ञानोबा-तुकारामांच्या गजरात एकदा जिजाईचंही नाव घ्या.