दापोली: छावणी, पेन्शनर आणि समुद्राचा वारा

मी मूळचा घाटंजीचा. म्हणजे यवतमाळ जिल्हा, कापूस, आणि मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसणार नाही असं ऊन. सध्या मुक्काम पुण्यात, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअर. यंदा टीमने लाँग वीकेंडला दापोली-हर्णै ठरवलं. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न: "थंड हवेचं गाव म्हंतं, अन् समुद्रबी तेथंच? असं कसं रे बाप्पा?"

प्रश्न रास्त आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच. दापोली जेमतेम २४०. तरी ४५ अंशांत भाजून निघतं यवतमाळ, आणि 'मिनी महाबळेश्वर' म्हणून मिरवते दापोली! गणित करून बघा. हवा कोरडी नसेल तर दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश उतरतं. त्या हिशेबाने दापोलीला उंचीचे मिळतात फक्त दीड अंश. बाकीची सगळी मेहेरबानी समुद्राची. दिवसा जमीन पटकन तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. हर्णैच्या बंदरावर हा वारा टोपी टिकू देत नाही. तोच वारा आठ-दहा किलोमीटरवरच्या दापोलीच्या पठारावर पोचतो तेव्हा सुरूच्या झाडांतून नुसता सळसळतो. आमच्या यवतमाळला उंची आहे, पण समुद्र पार शेकडो किलोमीटर लांब. असो.

तर सांगायचा मुद्दा असा की हे गणित आपल्याआधी इंग्रजांनी केलं होतं, आणि त्यांना काही सुट्टी घालवायची नव्हती. हर्णैचा आणि त्यांचा परिचय जुना. १७५५ साली कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांकडून हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला होता. पुढे १८१८ ला पेशवाई बुडाली, कोकण कंपनीच्या ताब्यात आलं, आणि फौज ठेवायला जागा हवी झाली. किनाऱ्यावर दमट उकाडा, आणि सह्याद्रीत चढायचं तर सामान न्यायचं कसं? दापोलीचं पठार दोन्ही अडचणींवर तोडगा होता. हवा बरी, आणि मुंबईहून गलबताने आलेलं सामान उतरवायला हर्णै जवळ. म्हणून इथे दक्षिण कोकणची छावणी बसली. लोक आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात तो हाच कॅम्प.

१८४० मध्ये नियमित पलटणी इथून हलल्या. जुन्या, उतारवयाच्या शिपायांची एक पलटण तेवढी १८५७ पर्यंत राहिली. मग तीही गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट बंद, टीम रिलीज, पण सर्व्हर चालूच!

सैन्य गेलं तरी निवृत्त शिपाई इथे येऊन राहत होते. मुंबई फौजेत तेव्हा कोकणातले महार आणि चांभार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी फौज म्हणजे पगार तर होताच, पण पलटणीत शाळाही होती. गावच्या शाळेत ज्यांना ओसरीवरही जागा नव्हती, ते पलटणीत वाचायला-लिहायला शिकले. निवृत्तीनंतर हातात पेन्शन आली, म्हणजे पोटासाठी गावकीच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नाही. आता विचार करा: अक्षरओळख आहे, महिन्याला बांधलेले पैसे आहेत, आणि डोंगरावरच्या शांत गावात भरपूर वेळ आहे. अशी माणसं काय करतील?

गोपाळबाबा वलंगकरांनी लिहायला सुरुवात केली. मूळचे महाडजवळच्या रावढूळचे, फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांतले. 'दीनबंधु'त लिहायचे. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली. अस्पृश्यता कुठल्या आधारावर पाळता, असे थेट प्रश्न तिने सवर्ण समाजापुढे ठेवले. पुढे त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा १८९४ मध्ये या मंडळींच्या नावाने सरसेनापतींसाठी अर्ज लिहिला गेला: आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता दार का लावता? असा त्याचा रोख.

नेमक्या याच सुमारास आणखी एक निवृत्त फौजी कुटुंबासह दापोलीला आले. सुभेदार रामजी सकपाळ. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच भागातलं, आज मंडणगड तालुक्यात. सोबत धाकटा मुलगा भीमराव, १८९१ ला महूला जन्मलेला. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलंय की वडील दापोलीत स्थायिक व्हायच्या विचाराने आले होते, पण काही कारणांनी त्यांनी बेत बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेलं.

हे वाचल्यावर 'शांत, निवांत दापोली' हे जाहिरातवाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं. हवा तर सगळ्यांना सारखीच गार लागत होती. पण सार्वजनिक पाणी आणि शाळेतला बाक सगळ्यांना मिळत नव्हता. तो मिळवण्यासाठीची सुरुवातीची लिखापढी याच शांततेत बसून झाली. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं, त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी महाडच्याच परिसरातला एक म्हातारा शिपाई इथे शाई-कागद घेऊन बसला होता. वलंगकर १९०० मध्ये गेले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं.

आजची दापोली कृषी विद्यापीठाची (स्थापना १९७२) आणि रिसॉर्टांची आहे. कोकण रेल्वेने खेडला उतरा, तिथून तासाभरात पोचाल. हर्णैला मासळीचा लिलाव बघा, कर्दे-मुरुडला वाळूत लोळा. वाऱ्याला मात्र गृहीत धरू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच वाऱ्याने इथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळ नव्याने लावली की उत्पन्नाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणजे आपण 'मस्त वारा आहे' म्हणतो तेव्हा बागवाला आकाशाकडे बघत असतो.

आणि एक सकाळ समुद्र सोडून कॅम्पातल्या जुन्या रस्त्यांवर पायी फिरा. त्या रस्त्यांवरून पेन्शन घ्यायला जाणारी माणसं घरी परतून काय लिहीत होती, ते आता तुम्हाला माहीत आहे.