गोल्फ आणि २०५ : एका सूत्राचे दोन स्वभाव

१९७३ च्या तेलसंकटानंतर पश्चिम युरोपात मोठ्या मोटारींची मागणी घटली आणि आडवे बसवलेले इंजिन, इंजिनाच्या जोरावर फिरणारी पुढची चाके व मागे वर उघडणारे दार अशी रचना असलेल्या लहान हॅचबॅक मोटारी मध्यमवर्गात रुळू लागल्या. अशा घरगुती मोटारीची उपयुक्तता कायम ठेवून तिला अधिक ताकदीचे इंजिन दिले की जो प्रकार तयार होतो, त्याला पुढे ‘हॉट हॅच’ हे नाव पडले. पश्चिम जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय या त्यातल्या सर्वाधिक गाजलेल्या दोन मोटारी सूत्राने एक असल्या, तरी वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या होत्या.

गोल्फ जीटीआयची सुरुवात वोल्फ्सबुर्ग येथील मोजक्या अभियंत्यांनी व अधिकाऱ्यांनी कंपनीच्या नियोजित कामाबाहेर, जवळजवळ गुपचूप केली. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेली ही मोटार १९७६ साली विक्रीस आली, तेव्हा केवळ ५,००० गाड्या काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या १,५८८ घनसेंटिमीटरच्या इंजिनात कार्ब्युरेटरऐवजी बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ प्रणाली होती, जी प्रत्येक सिलिंडरच्या झडपेपाशी पेट्रोलचा अखंड फवारा सोडत असे. त्यामुळे ११० अश्वशक्ती मिळून सुमारे ८१० किलो वजनाची ही गाडी ताशी १८० किलोमीटरचा वेग ओलांडत असे. बाहेरून मात्र जाळीभोवतीची बारीक लाल रेघ, आणि आत कंपनीच्या डिझायनर गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी योजलेले चौकड्यांचे आसनकापड व गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ, अशा मोजक्या खुणा तिचे वेगळेपण सांगत.

प्यूजोची निकड आर्थिक होती. १९७८ साली क्रायसलरचा युरोपीय कारभार विकत घेतल्याने कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि १९८३ च्या २०५ वर तिची सारी भिस्त राहिली. या मोटारीचा बोलबाला व्हावा म्हणून ‘टर्बो १६’ ही मध्यभागी इंजिन असलेली, चारही चाकांना गती देणारी शर्यतगाडी रॅलीत उतरवली गेली आणि तिने १९८५ व १९८६ ची जागतिक उत्पादक विजेतेपदे मिळवली. १९८४ साली १०५ अश्वशक्तीच्या इंजिनासह आलेली जीटीआय यंत्ररचनेत तिच्याहून अगदी निराळी होती, पण त्या विजयांचे वलय तिलाही लाभले आणि पुढे १.९ लिटरच्या आवृत्तीने १३० अश्वशक्ती गाठली.

दोघींचा स्वभाव मागच्या चाकांच्या बांधणीत स्पष्ट दिसतो. पहिल्या पिढीच्या गोल्फची मागची चाके पीळ सोसणाऱ्या एका आडव्या तुळईने जोडलेली असल्याने ती वळणावर सहसा सांभाळून घेते. २०५ चे प्रत्येक मागचे चाक स्वतंत्र भुजेवर असून स्प्रिंगचे काम पिळदार दांड्या करतात. वळणात चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. हीच चपळाई कसलेल्या चालकाला प्रिय, तर नवख्याला धोक्याची होती.

धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक यंत्रणेमुळे १.९ ची ताकद १२२ अश्वशक्तीवर आली आणि १९९४ पर्यंत २०५ जीटीआय बंद झाली, तर गोल्फची जीटीआय पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. नित्याच्या वापरातला समतोल हा गोल्फचा पाया असल्याने तिला वाढत्या वजनाशी व नव्या नियमांशी जुळवून घेता आले. २०५ ची सारी गोडी हलकेपणात होती आणि नेमका तोच गुण बदलत्या काळात टिकवणे सर्वांत अवघड ठरले.