निषिद्धांची यादी : गोव्यातील १७३६ चा जाहीरनामा आणि धर्मांतरितांचे घर

सांस्कृतिक दडपशाहीचा विचार करताना मंदिरांचा विध्वंस, ग्रंथांची होळी अशा ठळक घटनांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. गोव्याच्या बाबतीतही तसेच घडले आहे. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास, तर साष्टीतील १५६७ मध्ये पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा ही दैवते तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या फोंडा भागात नेण्यात आली. हा इतिहास मराठी वाचकास परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र ज्यांनी गाव सोडले नाही, बाप्तिस्मा स्वीकारला आणि तरीही ज्यांच्यावरील संशय पुढील दीड-दोनशे वर्षे फिटला नाही, अशा धर्मांतरितांच्या घराचा विचार करावयाचा आहे. संख्येने ही मंडळी राज्यकर्त्यांहून कितीतरी अधिक होती. परंतु आपले कोणते आचरण निर्दोष मानावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अल्पसंख्यत्व केवळ शिरगणतीने ठरत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालले. या न्यायालयाने १७३६ मध्ये स्थानिक ख्रिस्ती समाजाकरिता जो जाहीरनामा काढला, तो मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत, विडा-सुपारी वाटू नये, वधूवरांस हळद व खोबरेल लावू नये. मृत्यू झालेली जागा शेणाने सारवू नये. भात मिठाशिवाय शिजवू नये. अंगणात वा परसात तुळस लावू नये. पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये. यांपैकी एकाही कलमाचा येशूच्या देवत्वाशी संबंध नाही. भातात मीठ घातले की नाही, ही बाब धर्मन्यायालयाच्या कक्षेत आली, याचाच अर्थ सत्तेला केवळ श्रद्धा नव्हे तर सवयीही हव्या होत्या. आणि सवयी तपासावयाच्या तर शेजाऱ्याला वा नोकराला साक्षीदार करण्यावाचून गत्यंतर नसते.

न्यायालय बंद झाल्यावर त्याचे बहुतांश दप्तर नष्ट करण्यात आले. त्यामुळे ज्या संस्थेने या चाली मोडण्याचा प्रयत्न केला, तिचीच निषेधाची यादी आज त्या चालींचे साधन ठरते. मनाई अठराव्या शतकात करावी लागली, म्हणजे तोवर या गोष्टी घरोघर चालू होत्या, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

भाषेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रारंभी मिशनऱ्यांनी देशी भाषा आत्मसात केली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यानंतर सत्तरही वर्षे उलटली नाहीत तोच, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. तो मिळविण्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा पुढाकार होता. लोकांची भाषा शिकण्याचे कष्ट पाद्र्यांस नकोसे झाले, म्हणून लोकांनीच भाषा बदलावी, असा हा उलटा न्याय! १७४५ मध्ये तर पोर्तुगीज येणे ही विवाहाची अट करण्यात आली. या धोरणाची परखड चिकित्सा १८५८ मध्ये कुन्य रिव्हार यांनी केली. ते स्वतः पोर्तुगीज शासनातील उच्चाधिकारी होते, हे विशेष.

इन्क्विझिशनचा इतिहास १९६१ मध्ये सविस्तर मांडणारे अ. का. प्रियोळकर कोकणीला मराठीची बोली मानत. त्यांच्या ग्रंथाचे ऋण मान्य करूनही हे नोंदविणे आवश्यक वाटते. कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून साहित्य अकादमीची मान्यता १९७५ मध्ये व राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान १९९२ मध्ये मिळाले. तोवर तिला नाकारणाऱ्यांत मराठी विद्वानही होते. हुकूमशाही फर्मान आणि विद्वानांचे मत यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि आपण मराठी अभ्यासक पहिल्याविषयी जेवढे बोलतो तेवढे दुसऱ्याविषयी बोलत नाही.

हुकूम कागदावर राहिले, असेही म्हणता येत नाही. पेहराव बदलला, नावे बदलली, ख्रिस्ती घरांच्या अंगणातून तुळस गेली. परंतु गोव्यातील आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांत आजही लग्नाच्या आदल्या दिवशी 'रोस' होतो. वधूवरांस नारळाचा रस चोळला जातो आणि भोवती जमलेल्या स्त्रिया कोकणीतून 'वोवियो' म्हणतात.