भाताच्या मुलखातली नानकटाई

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके भाताचे. कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतलाच आहे आणि ‘कर्जत’ हेच नाव लावून भाताचे वाण तिथून बाहेर पडले आहेत. अशा मुलखात सणाचं गोड तांदळातून निघावं हे ओघानंच आलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, सावलीत सुकवून कुटायचे, पीठ गुळात मुरवायचं, मग खसखशीवर थापून तुपात सोडायचं, की झाला अनारसा. त्याच्याच शेजारी फराळाच्या डब्यात नानकटाई कशी येऊन बसली, हे मात्र कोडं आहे. तिला मैदा, पिठीसाखर, घट्ट तूप आणि बंद भट्टी लागते. गहू या जमिनीचं पीक नाही, साखर घाटावरची, आणि कोकणातल्या चुलीला वरून झाकण नसतं. तरीही आज तिला कुणी परकी म्हणत नाही.

यावर नेहमीचं उत्तर सुरतेकडे बोट दाखवतं. तिथले डच व्यापारी निघून गेले आणि त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थाकडे आली, अशी कथा सांगतात. ताडीनं फुगवलेला पाव विकता विकता त्यांनी खुसखुशीत नानकटाई घडवली, असं ती कथा म्हणते. दोतीवालांची पेढी आपली सुरुवात 1861 सालची मानते. कथा गोड आहे, पण मला ती अर्धीच पटते. चण्याच्या पिठाची, तोंडात विरघळणारी कोरडी बिस्किटं इराणात होतीच, आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नानकटाईत अजून मूठभर बेसन पडतं. डचांकडून भट्टी मिळाली असेल, जिन्नस मिळाला असं म्हणायला आधार कमी. शिवाय सुरतेची कथा एका दुकानाचा माल सांगते. तो माल हजारो घरांचा फराळ कसा झाला, हे तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी भट्टीचं वेळापत्रक पाहावं लागतं. विटांच्या भट्टीत लाकूड आतच जाळतात, निखारे ओढून काढतात, तळ पुसून घेतात आणि मग भिंतींनी साठवलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. पावाला कडक आच लागते. त्या आचेत नानकटाई ठेवली तर आकार धरायच्या आधीच तूप वितळून ती पसरते, कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. तिला हवी असते उतरती आच, साधारण 160 ते 180 अंशांची, म्हणजे पाव निघून गेल्यावर भट्टीत जी उरते ती. पुढचा पाव लागतो रात्री उशिरा. मधल्या वेळात ती उष्णता वायाच जाते. बेकरीवाल्यानं ती शेजारपाजारच्यांना किलोमागे थोडीशी भाजणावळ घेऊन दिली तर त्याचं नुकसान काही नाही, फायदाच. म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आधी बायका घरी तूप-साखर फेटून, मैदा मळून, वेलदोडा-जायफळ घालून पिठाचे डबे बेकरीत नेत. तिथे पत्र्यांवर गोळे मांडले जात, वर एकेक चारोळी टेकवली जाई. गिरणीवर दळण टाकावं, तसाच हा व्यवहार होता. घराचं प्रमाण, घराचा हात. आग तेवढी दुसऱ्याची.

आता भट्टी गावात रोज पेटायला पावाचं रोजचं गिऱ्हाईक हवं, आणि इथे रेल्वेचा संबंध येतो. 1856 साली रूळ खोपोलीपर्यंत पोचले. घाटातला मार्ग 1863 मध्ये खुला होईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरून डोलीनं किंवा तट्टावर घाट चढत. पुढे घाटासाठी जादा इंजिन जोडायला गाड्या कर्जतला थांबू लागल्या. 1907 मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी निघाली. माणसं जिथे थांबतात तिथे चहा आणि पाव विकला जातो. गाड्या तर शेकडो स्थानकांवर थांबतात, मग कर्जतचं वेगळेपण काय, असं कुणी विचारेल. वेगळेपण नाहीच, आणि माझा दावाही तो नाही. जिथे पाव स्थिरावला तिथेच घरची नानकटाई रुजू शकली, एवढंच म्हणणं आहे. मैदा आणि साखरही त्याच रुळांवरून येणार. तुपाचा खर्च पुढे वनस्पती तुपानं हलका केला. ‘डालडा’ 1937 साली बाजारात आलं. चवीच्या दृष्टीनं ती काही प्रगती नव्हे, पण चार माणसांच्या मिळकतीत दोन किलोंचा घाणा बसू लागला.

कोकणाला भाजणं ठाऊक नव्हतं काय, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काकडीचं धोंडस खाली-वर निखारे ठेवूनच होतं. पण ते एका भांड्यातलं, ओलसर, सावकाश शिजणारं काम आहे. कोरड्या नानकटायांचे शंभर गोळे एकसारख्या आचेत, अंतर राखून भाजायचे तर सपाट आणि प्रशस्त तळ हवा. कुकरमध्ये वाळू घालून भाजण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे, पण ती नंतरची, आणि एका वेळी आठ-दहांपलीकडे जात नाही. उपरी म्हणून नानकटाईला परंपरेबाहेर काढायचं असेल, तर उपासाचा साबुदाणाही ताटातून उचलावा लागेल, कारण ज्या कंदापासून तो होतो तो अमेरिकेतून आलेला आहे.

टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जात होती. ओट्यावर मावणारी विजेची भट्टी सामान्य घरांत यायला मात्र पुढे कित्येक दशकं लागली. नानकटाई पहिल्यापासून शेवटपर्यंत घरात होऊ लागली ती त्यानंतर. दरम्यान लाकडाच्या भट्ट्या कमी होत आहेत. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये दिला, आणि धुराचा विचार करता त्यात चूक काढता येत नाही. तुमच्या गावात अशी भट्टी अजून पेटत असेल, तर यंदा दिवाळीच्या आठवडाभर आधी, पाव निघून गेल्यावर, भाजणावळ घेतात का ते विचारून या.