दोष प्रोग्रामरचा की रचनेचा?

१/ आष्टी तालुक्यातील कडा गावातून मोबाइलने पाठवलेले पैसे सुरक्षित राहतात ते सांकेतिकीकरणामुळे. त्यामागचे गणित सहसा भेदले जात नाही. घात होतो तो ते वापरताना.

२/ इंटरनेटवरून माहिती नेणाऱ्या 'कर्ल' या मुक्तस्रोत लायब्ररीत सर्व्हरची ओळख पडताळण्यासाठी '२' हा अंक द्यावा लागे. अनेक प्रोग्रामर 'होय' लिहीत. त्याचा अर्थ '१' होई. मग प्रमाणपत्रावर नाव आहे एवढेच तपासले जाई, ते जुळते का हे नाही. २०१२ साली अमेरिकी संशोधकांना ही चूक पैशांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरांतही आढळली.

३/ त्याच वर्षी कर्लने '१' नाकारण्यास सुरुवात केली. २०१९ पासून '१' दिला तरी पूर्ण पडताळणी होते.

४/ डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे व पीटर श्वाबे यांच्या 'सॉल्ट' या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीने याच विचाराने पद्धतीची निवड तज्ज्ञांकडे ठेवली. संदेश झाकणे आणि त्याचा खरेपणा जपणे, ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत आली. २०१३ साली 'लिबसोडियम'ने तीच रचना सर्वत्र सुलभ केली.

५/ प्रत्येक संदेशाला नवा अंक देण्याची जबाबदारी मात्र प्रोग्रामरकडेच राहिली. सुरक्षित वाट हीच सर्वांत सोपी वाट असावी, हा या इतिहासाचा धडा.