सुप्याचा बाजार, पुण्याचं सभागृह

१२ मे १८७५, बुधवार. सुप्याचा आठवडे बाजार. भीमथडी तालुक्यातलं हे गाव वैशाखाच्या उन्हात भाजून निघतंय आणि तुम्ही गुजराच्या दुकानासमोर, गर्दीच्या मधोमध उभे आहात. बाजाराच्या मानानं माणूस फार दिसतंय. कांद्याचे ढीग आहेत, घोंगड्या मांडल्यात, दोरखंडांच्या वेटोळ्यांपाशी म्हातारा कारागीर बसलाय. पण भाव कुणी विचारत नाही. सगळ्यांच्या नजरा दुकानाच्या आतल्या खोलीकडं, जिथं वह्या ठेवतात तिकडं लागल्यात.

"शेट, खतं भाईर काडा," पुढचा एकजण म्हणतो. त्याचा आवाज चढलेला नाही. "तुमच्या अंगाला हात लावायचा न्हाई आमाला. कागदं द्या."

शेट हात जोडतो, वेळ मागतो. मागून रेटा येतो, दाराची फळी निघते आणि चोपड्यांचे गठ्ठे रस्त्यावर येऊन पडतात. एक कागद वाऱ्यानं तुमच्या पायाशी येतो. तो उचला. स्टँपाचा जाड कागद, बोरूनं लिहिलेल्या दाट ओळी, सगळं मोडीत. तुम्ही शिकलेले आहात, रोज दहा गोष्टींवर सह्या करता, तरी यातली एक ओळ तुम्हाला लागत नाही. ज्याच्या नावावर हे कर्ज आहे त्यालाही ती लागत नाही. खाली कोपऱ्यात नांगराचं लहानसं चित्र काढलंय. ती त्याची निशाणी. लिहिणारानं लिहिलं, त्यानं निशाणी केली आणि कायद्याच्या नजरेत त्याला सगळं कबूल झालं.

शेजारच्याला विचारा, किती घेतलं होतं? तो सांगतो, शंभर. मग आकडा इतका कसा झाला? तर १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं असं खत तीनच वर्षं चालतं. कायदा केला होता रयतेच्या भल्यासाठी, सावकारानं व्याज वर्षानुवर्षं तुंबवू नये म्हणून. सावकारानं त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की व्याज मुदलात मिळवायचं आणि त्या रकमेचं नवं खत लिहून घ्यायचं. दरमहा शेकडा दोन धरून तुम्हीच हिशेब करा. तीन वर्षांनी शंभराचे १७२, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९. मधे काही फेडलं असेल तर त्याची पावती नाही. नव्या खतावर नवी निशाणी तेवढी आहे.

एरवी हे असंच चालून गेलं असतं. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार स्वतःहून पैसे देत सुटले होते. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सारा नव्यानं आकारला गेला आणि कुठं कुठं दीडपटीच्याही वर गेला. सावकारानं हात आखडता घेतला आणि जुनी खतं कोर्टात नेली. कोर्ट कागदावरची निशाणी बघे, त्यामागचा व्यवहार बघत नसे. ऋणको तुरुंगात जाई, नाहीतर त्याची जमीन जाई.

आता रस्त्यावर जाळ उठलाय. धान्य आणि कापडही लुटलं जातंय, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडतंय आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पुढच्या दिवसांत केडगावात आग लागेल आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हेच होईल. तरी एक गोष्ट नीट पाहून ठेवा, कारण पुढं चौकशीला बसलेल्या कमिशनलाही ती नोंदवावी लागली. माणसांवर हात जवळजवळ उठलेला नाही. ज्या सावकारानं खतं मुकाट हवाली केली, त्याच्या दारातून जमाव बहुतेक ठिकाणी परत फिरला. मी याला नुसता दंगा म्हणणार नाही. आपल्या नावे लिहिलेल्या, आपल्याला न वाचता येणाऱ्या कबुलीतून सुटायचं, एवढा एकच हेतू या गर्दीला बांधून ठेवत होता. ९५१ जण पकडले गेले.

तिथून सिमल्याला चला, ऑक्टोबर १८७९. इथं फार थांबायचं कारण नाही. थंड हवेत व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्याचा कायदा मंजूर होतोय आणि नांगराची निशाणी करणारा एकही माणूस त्या डोंगरावर नाही. कायदा मात्र चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. न्यायाधीशानं खतावर न थांबता सुरुवातीपासूनचा हिशेब उकलून पाहायचा. सावकारानं पावती द्यायची. आणि पन्नास रुपयांवर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादार जाहीर करून घेण्यासाठी अर्ज करता येईल. तोवर दिवाळं काढणं ही पेढीवाल्यांची सोय होती, ती पहिल्यांदा कुणब्यापर्यंत पोचली. तिचा वापर फार थोड्यांनी केला. गावात नादार म्हणवून घ्यायची लाज आणि उद्या बियाण्याला पैसा कोण देणार ही धास्ती, दोन्ही खऱ्या होत्या.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न्यायमूर्ती रानडे आणि इंग्रज अधिकारी विल्यम वेडरबर्न शोधत होते. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना त्यांनी रेटली, हिंदुस्थान सरकारनंही ती उचलून धरली. लंडनहून नकार आला. हा नकार लक्षात असू द्या, कारण पुढच्या मुक्कामी त्या बँकेचीच उणीव बोलणार आहे.

ऑगस्ट १९०१, पुणे. स्टेशनाजवळचा लाल विटांचा कौन्सिल हॉल, ज्याच्या आवारात तुम्ही आज विभागीय आयुक्तांच्या कचेरीतलं काम घेऊन जाता. मुंबई इलाख्याचं कौन्सिल पावसाळ्यात इथं भरतं. बाहेर रिपरिप चाललीय, दाराशी ओल्या छत्र्या टेकवल्यात. तुम्ही मागच्या खुर्चीत बसा. टाळी वाजवू नका, उठून काही बोलू नका. प्रेक्षकाला इथं तोंड नाही. तुमचं म्हणणं आधीच टेबलावर आलंय. जिल्ह्याजिल्ह्यांत सभा झाल्यात, अर्ज आलेत. त्यावर सरकारपक्षाचं उत्तर ठरलेलं आहे: ही ओरड सावकारांची आणि वकिलांची, रयतेची नव्हे.

विधेयक जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं आहे. दोन मोठ्या दुष्काळांत सारा थकला, पुष्कळ जमीन सरकारजमा होण्याजोगी झाली. ती मूळ शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून. सावकाराच्या घशात जमीन जाऊ नये म्हणून, असं सरकार सांगतं. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट आहेत, सरकारी सभासदांचं बहुमत पक्कं आहे. निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दालनातला शब्दन्‌शब्द अदबीनं उच्चारला जातो.

लाल पगडी आणि चष्मा घातलेले, पस्तिशीतले ते गोपाळराव गोखले. त्यांचे गुरू रानडे याच जानेवारीत गेले. ऐका ते काय म्हणतायत: रयतेला सावकार लागतो, कारण दुसरा कुणी तिला पैसा देत नाही. सावकार देतो ते जमिनीकडं बघून. ती पत तुम्ही काढून घेताय आणि तिच्या जागी काहीच उभं करत नाही.

तुम्ही सुप्याहून आलात, तुम्हाला हे खटकेल. ज्या हक्कापायी जमिनी गेल्या, त्याच हक्काची बाजू हे लोक घेतायत? खटकलंच पाहिजे. जमीन विकता येत होती म्हणूनच ती सावकाराकडं गेली, हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुरंदरची बँक उभी राहू दिली नाही, सारा कमी केला नाही, आणि आता शेतकऱ्याच्या हातातला हक्क त्याला न विचारता त्याच्याच नावानं काढून घेतला जातोय. मला गोखल्यांची बाजू पटते ती इथं.

फिरोजशहा मेहता उठतात. भरघोस कल्ले, पारशी पगडी, दालनाच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. १८९५ साली कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, अर्थसभासद सर जेम्स वेस्टलंड यांनी त्यांच्यावर ठपका ठेवला होता की, हे गृहस्थ कौन्सिलात नवाच सूर आणतायत. तेव्हा मेहतांनी सरकारी अंमलदारांवर टीका केली होती. आज त्यांची मागणी साधी आहे: घाई करू नका, विधेयक तूर्त पुढं ढकला. मतं घेतली जातात. सूचना पडते.

मग जे घडतं ते नीट पाहा. मेहता काही शब्द बोलून दाराकडं वळतात. गोखले उभे राहतात. खुर्ची सरकल्याचा आवाज तुम्हाला मागे ऐकू येतो, इतकी शांतता आहे. ते सांगतात की गव्हर्नरसाहेबांचा किंवा कुणाही सहकाऱ्याचा अनादर करायचा नाही. हे विधेयक मंजूर होताना आपण इथं बसलो तर त्याच्या जबाबदारीचा अंश आपल्याकडं येईल, तो घेण्याची आपली तयारी नाही. सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख हेही बाहेर पडतात.

आवाज चढला नाही, कागद फाडला गेला नाही. आणि तरी सुप्याच्या रस्त्यावर जे चाललं होतं तेच इथं चाललंय. त्या शेतकऱ्यांना नको होती खतावरची निशाणी. या पाच जणांना नको होती कायद्याच्या इतिवृत्तातली हजेरी. सभागृहात बसून राहणं ही सुद्धा एक निशाणीच आहे, आणि तिच्या वर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत होतं. सुप्याच्या माणसाला ते वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला जाळ करावा लागला. सभागृहाचा मान म्हणजे बहुमत करील ते शेवटपर्यंत बसून पाहणं, असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो मान गोखल्यांच्या त्या दोन वाक्यांत दिसतो: कुणाचा अपमान न करता, कारण नोंदवून, उघड्या दारानं.

इंग्रजी पत्रांनी त्यांना झोडपलं. विधेयक त्यांच्याविना मंजूर झालं, १९०१चा सहावा कायदा म्हणून. गोखले पुढं वरिष्ठ कौन्सिलात गेले आणि तिथं दरसाल आकडे घेऊन सरकारला जाब विचारत राहिले.

आणि तुम्ही परत आलात की सातबारा काढा. विकायला कलेक्टरची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो, अशी जमीन तुमच्या भावकीत कुणाकडं तरी असेलच. तिच्यावर 'नवीन अविभाज्य शर्त' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. ती शर्त नंतर अनेक कायद्यांतून वाढत गेली, कितीतरी भूमिहीनांना मिळालेली जमीन तिनं टिकवलीही. तिची सुरुवात मात्र पावसातल्या त्या दालनात, पाच खुर्च्या रिकाम्या असताना झाली.