परत आलेले हस्तलिखित : जेन्नर यांचा लसीवरील लेख

१/ १४ मे १७९६. इंग्लंडमधील बर्कली गावी डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचे द्रव्य टोचले. त्याला देवी आल्या नाहीत.

२/ १७९७ मध्ये त्यांनी यावरचा लेख रॉयल सोसायटीकडे धाडला. तो परत आला. पूर्वी गोदेवी होऊन गेलेल्यांच्या नोंदी त्यात होत्या. पण मुद्दाम गोदेवी टोचलेला मुलगा एकच. दावा मोठा, आधार तोकडा.

३/ पुरावा वाढवायचा, तर गोठ्यांत गोदेवीची साथ यायला हवी. ती १७९८ च्या वसंतात आली. या वेळी जेन्नर यांनी एका मुलाच्या फोडातील द्रव दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी साखळी चालवली.

४/ त्याच वर्षी, सोसायटीची वाट न पाहता, त्यांनी वाढवलेले हस्तलिखित स्वखर्चाने छापले. त्यात क्रमांक घातलेली २३ प्रकरणे होती आणि फोडांची रंगीत चित्रेही.

५/ मूळ लेखात नसलेली ही साखळीच पुढे निर्णायक ठरली. गाय जवळ नसली, तरी माणसांच्या दंडांवरून लस दूरदेशी नेता येत होती.

६/ अशीच ती बगदाद-बसरामार्गे भारतात आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचलेली लस ही भारतातील पहिली यशस्वी लस मानली जाते.

७/ नाकारलेल्या लेखाला जेन्नर यांनी युक्तिवादाने नव्हे, नव्या नोंदींनी उत्तर दिले.